सड्यावरचा केर

"पण बुवा, यात जिवंत असं आहे तरी काय?"

वैशाखातली सकाळ होती. देवगडकडच्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, देवाच्या अंगणात खडकातल्या पसरट खळगीपाशी डॉक्टर वैभवी तेंडोलकर उभी होती. खळगी कोरडी ठणठणीत. तळाला बोटभर तांबडी धूळ.

मालोबुवा शेजारीच उकिडवे बसले होते. सड्यावरच्या देवाची दिवाबत्ती पन्नास वर्षं तेच करतात.

"तीन वर्षं मी येतेय. दर उन्हाळ्यात आले, दोन श्रावणांत आले. श्रावणात बेडकांची पिल्लं मिळाली, ती काय, कुठेही मिळतात. सोमवारी समितीला अहवाल जायचाय."

"मगे, लिवलंस?"

"लिहिलं. विशेष जीव : शून्य."

त्या शून्यावर बरंच अवलंबून होतं. सडा राखायचा की पडीक म्हणून चिऱ्याच्या खाणीला द्यायचा, हे समिती त्यावरून ठरवणार होती. वैभवीला सडा मनापासून आवडायचा. पण स्वतःच्या खरेपणाचा तिला त्याहून जास्त अभिमान होता.

"जे दिसलं नाही, ते मी लिहीत नाही, बुवा. तुम्हाला काही ठाऊक असेल तर सांगा."

"सांगान दिसता काय?"

एवढं म्हणून बुवा कळशी घेऊन झऱ्यावर गेले.

आता नुसतं बसून काय करायचं? वैभवीनं कोपऱ्यातली केरसुणी घेतली. म्हाताऱ्या माणसाला तेवढीच मदत. तिनं देवापुढचं अंगण लख्ख झाडलं. मग तोच हात खळगीवरूनही फिरवला. तिच्या लेखी त्या खळगीचं काम संपलेलं होतं. सगळी धूळ सुपात भरून तिनं करवंदीच्या जाळीत टाकून दिली.

बुवा आले. खळगीकडे पाहिलं आणि कळशी त्यांच्या हातून खाली आदळली.

"हयसरची माती खंय टाकलंस?"

"त्या जाळीत. का?"

बुवा धावले. ऐंशीच्या घरातला माणूस अक्षरशः धावला. गुडघ्यांवर बसून ते जाळीत शिरले आणि ओंजळीनं धूळ गोळा करू लागले. काट्यांनी हात ओरबाडले, तरी थांबेनात.

"बुवा, अहो, धूळ आहे ती!"

"गुरून सांगल्यान होता. सगळा झाड, पण हयसर वाढवण लावू नको."

वाढवण म्हणजे केरसुणी. तेवढं वैभवीला कळलं.

"का पण?"

"मिया इचारूक नाय... बघीत ऱ्हवलंय."

आणि मग वैभवीला एकदम आठवलं.

कोळंबीच्या दूरच्या नात्यातले इवलेसे जीव. पाणी साचलं की जन्मतात आणि थोड्याच दिवसांत अंडी घालून मरून जातात. धुळीच्या कणाएवढी अंडी, वर्षानुवर्षं ऊन खात पडून राहतात. यावर दुसऱ्या देशांत चाललेलं नवं संशोधन तिनं कोळून प्यायलेलं होतं. वर्गात तासभर शिकवलंही होतं. आणि केर तिनंच काढला होता.

ती बुवांशेजारी गुडघ्यांवर बसली. दोघांनी मिळून उन्हं कलेपर्यंत पाल्यातून, मुळांतून धूळ वेचली. सूप पाऊण भरलं. बाकीची वाऱ्यानं नेली होती.

बुवांनी ती धूळ खळगीत परत पसरली. चिमूटभर मात्र मातीच्या परळात टाकली आणि वर झऱ्याचं पाणी ओतलं.

शनिवार गेला. परळात गढूळ पाणी.

रविवारी वैभवी दर तासाला भिंग घेऊन वाकत होती.

"बुवा, काहीच नाही हो... मी सगळं घालवलं का?"

"तुका घाई आसा. तेंका नाय."

"उद्या सोमवार आहे!"

"तां तेंका खंय म्हायत आसा?"

तिला हसू आलं, आणि लगेच रडूही आलं. बुवांनी तिला पेज वाढली.

सोमवारी उन्हं वर आली तेव्हा ती सवयीनं वाकली. पाणी आता निवळलं होतं. त्यात एक पांढरा ठिपका होता, टाचणीच्या टोकाहून बारीक.

ठिपका हलला.

तिनं श्वास रोखून भिंग धरलं. ठिपक्याला एकच काळा डोळा होता. झटके देत तो पुढे सरकत होता. त्याच्यामागे दुसरा. मग पाच. मग तिनं मोजणं सोडून दिलं.

"बुवा! बुवा, आहेत हो! तीन वर्षं मी इथेच उभी राहत होते, तेव्हाही हे होते?"

"पयल्या पावसाक कधी इलंस?"

वैभवी ओशाळली. "तेव्हा कॉलेजात परीक्षा असतात."

बुवा मनापासून हसले. तोंडात दोनच दात, पण ते दोन्ही दिसले.

तिनं अहवाल काढला. शून्य खोडलं. 'पडीक' या शब्दावर पेन ठेवून ती बराच वेळ बसली, मग तोही खोडला आणि लिहीत सुटली. पान पुरेना. घळीकडच्या टेपाडावर फोनला रेंज मिळते. तिथं उभं राहून तिनं दुपारच्या आत सगळ्या पानांचे फोटो पाठवून दिले.

परत आली तेव्हा तीन दिवसांचा पालापाचोळा अंगणात साचला होता. तिनं केरसुणी घेतली. या वेळी खळगी सोडून, हलक्या हातानं अंगण झाडलं. कोपऱ्यात लहानसा ढीग झाला. सूप भरून घेऊन ती उभी राहिली, पण पाय काही उचलेना.

"बुवा, हा केर कुठे टाकू?"

बुवा परळात पाणी घालत होते. त्यांनी मान वर केली.

"केर...? खंयचो केर?"