भाटखोलच्या दोन पाणबुड्या

भाटखोल बंदरात भोळा माणूस एकच होता असं म्हटलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल. पण सरकारी नोकरीत लागलेला भोळा एकच होता. त्याचं नाव हाशा. तो कारभाऱ्यांच्या बायकोच्या माहेरचा होता, त्यामुळे त्याची परीक्षा वगैरे घ्यायची गरज पडली नाही.

हाशात एक मोठा गुण होता. एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. तेवढा एक गुण नसता तर भाटखोलचं आरमार आज शाबूत असतं.

झालं असं की शेजारच्या खारशेत संस्थानाने भाटखोलच्या खाडीच्या मुखावर डोळा ठेवला होता. पापलेट सगळं त्या मुखाशीच मिळायचं. "दसऱ्याला गलबतं घेऊन येतो. अडवायची ताकद असेल तर अडवा, नाहीतर मुख आमचं," असा त्यांचा निरोप आला. भाटखोलचे दर्यासारंग रामजी तांडेल यांच्या तिन्ही भावांच्या होड्या त्याच मुखाशी जाळी टाकत. म्हाताऱ्याच्या घशाखाली घास उतरेना.

तेव्हा भाटखोलच्या राजांनी, म्हणजे सरकारांनी, आरमार आधुनिक करायचं ठरवलं. आरमार म्हणजे चार होड्या आणि एक भोंगा. सरकारांनी परदेशातून पाणबुडी मागवली. वर असताना ती डिझेलवर चाले आणि चालता चालता बॅटऱ्या भरून घेई. खाली गेली की इंजिन बंद, बॅटरी सुरू. मग आवाज नाही की धूर नाही. "शत्रूच्या पोटाखालून जाऊन पलीकडे डोकं वर काढते," असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. विकणारे सांगतातच.

पाणबुडी आली. रामजींनी हाशाला धक्क्यावर पहाऱ्याला ठेवलं.

"हे बघ हाशा, ही गुप्त गोष्ट आहे. कुणीही विचारलं तरी सांगायचं, इथं काही नाही."

"बरं साहेब."

दुपारी स्वतः सरकार आले. पाणबुडीवर ताडपत्री टाकलेली होती.

"आमची पाणबुडी कुठाय?"

"इथं काय नाय."

"आली नाही अजून?"

"काय नाय."

सरकार रागारागाने परत गेले आणि त्यांनी दुसरी पाणबुडी मागवली. यथावकाश तीही आली आणि अशा रीतीने भाटखोलकडे दोन पाणबुड्या झाल्या. आरमाराची ताकद दुप्पट झाल्याबद्दल दरबारात पेढे वाटले गेले.

रामजींनी मात्र हाशाला धरलं. "अरे शहाण्या, ते सरकार होते. भारी कपड्यातलं माणूस आलं की मुजरा करायचा, आत न्यायचं, सगळं नीट दाखवायचं."

"बरं साहेब. आता तसंच करीन."

चार दिवसांनी भरजरी अंगरखा घातलेला एक गृहस्थ आला. त्याची होडी खारशेतची होती आणि तिच्यावर तसं रंगवलेलंही होतं. हाशाने मुजरा केला. दोन्ही पाणबुड्या आतून फिरवून दाखवल्या. गृहस्थाने मोजपट्टी काढली तेव्हा हाशाने दुसरं टोक धरलं. जाताना त्याला शहाळं पाजलं.

रामजींनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे शहाण्या, तो परका होता. परका माणूस आला की झाकण लावायचं, आतून कडी घालायची. किती का ठोठावेना, उघडायचं नाही."

"बरं साहेब. आता तसंच करीन."

पुढच्याच आठवड्यात पाणबुडी चालवायला शिकवणारे दोन उस्ताद महिनाभराचा प्रवास करून परदेशातून आले. ते परके होते, यात शंकाच नव्हती. हाशाने झाकण लावून आतून कडी घातली. उस्तादांनी ठोठावलं. मग हाका मारल्या. मग त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले, ते कुणाला कळलं नाही, पण गोड वाटत नव्हतं. रामजी तेव्हा राजधानीत दुसऱ्या पाणबुडीच्या सत्काराला गेले होते. तिसऱ्या दिवशी उस्तादांनी चित्रांची एक जाडजूड पोथी झाकणावर ठेवली आणि ते आल्या जहाजाने परत गेले.

रामजी आले. पोथी पाहून मटकन खाली बसले. या खेपेला ते ओरडलेसुद्धा नाहीत.

"हाशा, अरे ते शिकवायला आले होते. ही यंत्रं त्यांची. त्यांना विचारल्याशिवाय आपण एका खिट्टीलाही हात लावू नये. पत्र टाकावं, उत्तराची वाट बघावी आणि ते लिहितील तसं अगदी तंतोतंत करावं. कळलं?"

"कळलं साहेब. आता तसंच करीन."

दसऱ्याला दोन महिने उरले होते. खलाशी आपापल्या अकलेने शिकले. पाणबुड्या पाण्यावर झकास चालू लागल्या. कोळ्यांच्या होड्याही पाण्यावरच चालत होत्या, पण त्या परदेशातून आणलेल्या नव्हत्या. खाली कसं जायचं ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. रामजी पोथीतली चित्रं बघत बसायचे. बघता बघता त्यांना उमगलं: झाकणं घट्ट लावायची, मग टाक्यांचे कॉक उघडायचे, टाक्यांत पाणी शिरलं की पाणबुडी खाली जाते. म्हाताऱ्याला त्या दिवशी जेवण गेलं.

दरम्यान हाशाला बढती मिळून तो दोन्ही पाणबुड्यांचा मुख्य खलाशी झाला. माहेर भक्कम होतं.

दसरा उजाडला. खाडीच्या मुखाशी खारशेतची सात गलबतं येऊन उभी राहिली. अलीकडे भाटखोलच्या दोन पाणबुड्या तयार होत्या. किनाऱ्यावर शामियान्यात सरकार बसले होते आणि सगळा कोळीवाडा वाळूत उभा होता. रामजींचे तिघे भाऊ पुढेच होते.

रामजी म्हणाले, "हाशा, झाकणं लाव आणि कॉक उघड."

"नाय साहेब. विचारल्याशिवाय हात नाय लावायचा. सकाळीच पत्र टाकलंय."

"कुणाला?"

"परदेशी उस्तादांना. आमाला खाली जाता येत नाय, कसं जायचं ते कळवा, म्हणून. दोन्ही पाणबुड्यांचं लिवलंय."

हाशाला लिहिता येत होतं, हे भाटखोलचं दुर्दैव.

"कुणाबरोबर पाठवलंस?" रामजींनी विचारलं.

"तेच काय." हाशाने खारशेतच्या सर्वांत मोठ्या गलबताकडे बोट दाखवलं. "बाहेर जाणारं तेवढंच होतं. होडीनं गेलो आणि नेऊन दिलं. भले लोक हायेत, लगेच फोडून वाचायला घेतलं."

चित्रातला कॉक पाणबुडीत नेमका कुठला ते फक्त मुख्य खलाशी हाशालाच माहीत होतं आणि हाशा ढिम्म हलत नव्हता. तेव्हा रामजी होडीत बसून सरकारांकडे गेले, घटकाभर वेळ मागून घ्यायला.

तेवढ्यात खारशेतच्या गलबतावरून उत्तर आलं. हाशाच्याच पत्राच्या पाठीवर सुवाच्य अक्षरांत लिहिलं होतं: "सगळी झाकणं सताड उघडी ठेवावीत. सर्व माणसांनी बाहेर यावं, वजन कमी होतं. मग कॉक उघडून बाजूला व्हावं. दोन्हींना हेच लागू."

हाशाने ते तीनदा वाचलं. मग तंतोतंत केलं.

पाणबुड्या फार डौलात खाली गेल्या. आधी एक, मग दुसरी. थोडे बुडबुडे आले, मग तेही थांबले. शामियान्यात सरकारांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून दरबारानेही वाजवल्या. वाळूतल्या कोळ्यांनी वाजवल्या नाहीत. रामजींनी भावांकडे पाहिलं आणि म्हातारा सगळ्यांदेखत रडला. खारशेतच्या गलबतांनी मुखाशी नांगर टाकले आणि आपली निशाणं रोवायला घेतली.

ओलाचिंब हाशा पोहत किनाऱ्याला आला.

"साहेब, दोन्ही गेल्या. पहिल्याच झटक्यात. आवाज म्हणून नाय."

"आणि वर कशा येणार रे?" रामजींनी विचारलं.

हाशाने भिजलेलं पत्र उलटसुलट करून पाहिलं.

"ते यात नाय लिवलेलं," तो म्हणाला. "थांबा, विचारून येतो."

आणि तो पुन्हा पाण्यात शिरून खारशेतच्या गलबताकडे पोहत निघाला.