तीनशे सदुसष्टची नक्षी

राणी पद्मावतीबाईंना लेकीसाठी गणिताची शिक्षिका हवी होती. पैठणी विणणारी मैनाबाई पुढे आली, तसे दरबारचे ज्योतिषी नीळकंठशास्त्री हसले.

"मागावरची बाई राजकन्येला शिकवणार? आधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे. नाही आलं, तर पुन्हा दरबारात पाऊल टाकायचं नाही."

मैनाबाईनं मान डोलावली.

शास्त्रीबुवांनी एका दमात संख्या सांगितली, "तीनशे सदुसष्ट अब्ज, छत्तीस कोटी, त्र्याहत्तर लाख, सदुसष्ट हजार, तीनशे सदुसष्ट. हिला पूर्ण भाग जाणारी, शंभरापेक्षा मोठी एक मूळ संख्या सांग."

"एकदा लिहून दाखवता?" मैनाबाईनं विचारलं.

शास्त्रीबुवांनी पाटीवर लिहिलं: ३६७३६७३६७३६७.

"तीनशे सदुसष्ट," मैनाबाई लगेच म्हणाली.

"अंदाजानं सांगतेस!"

"नाही बुवा. पदराच्या काठावर एकच मोर चार वेळा यावा, तसे इथं तीनशे सदुसष्ट चार वेळा आलेत. पुढे कितीही शून्यं लागली, तरी प्रत्येक तुकड्याला तीनशे सदुसष्टनं भाग जाणारच. सगळे मिळून एक अब्ज, दहा लाख, एक हजार एक वेळा. आणि तीनशे सदुसष्टला एक नि ती स्वतः सोडून कशानंही पूर्ण भाग जात नाही, म्हणजे ती मूळच."

राणीनं शास्त्रीबुवांनाच भागाकार करायला लावला. त्यांनी तो दोनदा केला. दोन्ही वेळा बाकी शून्य उरली.

"हे गणित नव्हे," शास्त्रीबुवा चिडून म्हणाले, "ही नुसती नजर झाली!"

"मग राजकन्येला आधी तीच शिकवते," मैनाबाई म्हणाली.

राणीनं तिला दुसऱ्याच दिवसापासून यायला सांगितलं.