कातीचा तुकडा

कोंबड्या एकमेकींशी पोटातलं बोलायच्या, त्या काळातली ही गोष्ट. झिपरी कोंबडीची आधीची पिल्लं सापाने खाल्ली होती, कारण साप कसा असतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून यंदा तिने कुंपणातून सापाच्या कातीचा तुकडा आणून पिल्लांपुढे टाकला. तो हुंगून पिल्लं दिवसभर भीतीने पिसं फुलवून बसली.

शेजारीण तांबडी भडकली. "अगं बये, घरात साप आणलास?"

"कातीला दात नसतात, बाई."

एका संध्याकाळी साप खरंच आला. कातीचाच वास ओळखून पिल्लांनी असा कालवा केला, की सगळ्या कोंबड्या धावल्या आणि साप पळाला.

तांबडी आपल्या पिल्लांना घेऊन ओशाळत आली. "तो तुकडा जरा..."

झिपरीने पंख उचलला. "तुझा अर्धा, तू भडकलीस त्याच दिवशी काढून ठेवलाय."