बारमाही चातुर्मास

"...मग ही समाधी नव्हे तर काय, बुवा?"

सखाहरीने मठाच्या ओसरीवर विचारले. तिन्हीसांज झाली होती. शेजारी त्याची पाच वर्षांची मथी बसली होती, अगदी गप्प.

"कधीपासून?" केदारबुवांनी विचारले.

"झाले दोनेक महिने. दिवेलागण झाली की बसते ती बसतेच. शेजारची पोरं अंगणात धुडगूस घालतात, ही जागची हलत नाही."

सखाहरीला आपल्या व्रताचा भारी टेंभा. लोक चातुर्मासापुरती पालेभाजी सोडतात, याने चातुर्मास बारमाही केला. पान खुडले की झाडाला दुखते, म्हणे. दूध वासराचे, म्हणून तेही बंद. घरात भात आणि मीठ. बायको होती तोवर ती भांडून पोरीला काहीबाही भरवायची. ती गेली आणि तेही संपले.

बुवांनी गुळाचा खडा मथीच्या तोंडासमोर धरला.

ती तशीच बसून राहिली.

"बघा!" सखाहरी फुलून गेला. "वासनाच उरली नाही."

बुवांनी खडा तिच्या ओठांना लावला.

मथीने त्यांचा हातच धरला. खडा कचाकचा चावला. मग आणखी कुठे आहे म्हणून ती हवेत चाचपडू लागली.

सखाहरीचा चेहरा उतरला.

बुवांनी दिवा लावून जवळ आणला आणि तिची पापणी वर केली. डोळा कोरडा पडला होता. बुबुळाच्या कडेला साबणाच्या फेसासारखा पांढरा ठिपका होता. त्यांनी दुसरा डोळा पाहिला. त्याचे बुबुळच पांढरे होऊन मऊ पडले होते.

"हा डोळा गेला," बुवा म्हणाले.

"बुवा...?"

"तिला संध्याकाळी दिसत नव्हतं रे. पडायच्या भीतीने बसून राहायची बिचारी. पाला नाही, दूध नाही, त्यानेच डोळे गेले."

सखाहरीने मथीचा हात धरला.

"मग... आजपासून शेवग्याचा पाला घालू तिला?"

"नुसत्या पाल्याने आता भागायचं नाही. उरलेला डोळा हवा असेल तर आत्ता तालुक्याचा दवाखाना गाठ. माशाच्या तेलाचं औषध देतील."

"माशाचं?" सखाहरी दचकून मागे सरला. "इतक्या वर्षांचं व्रत, बुवा... ते पाप कुणाला लागणार?"

बुवांनी मथीला उचलून त्याच्या कडेवर दिले.

"पाप माझ्यापाशी ठेव. तू पोर घेऊन पळ."