सोन्याच्या पेटीत कोंडलेले नाव

एका राज्यात पाळणे होते, पण बाळे नव्हती. सागवानी पाळणे, वेताचे पाळणे, राणीच्या महालात तर चांदीच्या कड्यांचा पाळणा. सगळे वाऱ्याने हलत आणि रिकामेच थांबत. असे एक वर्ष गेले, दोन गेली, बघता बघता बारा गेली. राज्यातली सर्वांत धाकटी मुलगी बारा वर्षांची झाली होती, आणि आपल्याला अजून सारे ‘छकुली’ म्हणतात म्हणून वैतागली होती.

त्या राज्याची एक रीत होती. ती आधी सांगितली पाहिजे, कारण सगळा घोळ तिथेच झाला. लग्न झाले की नवऱ्याची बहीण रिकामा पाळणा बांधी, त्यावर वाके आणि कुणा गेलेल्या माणसाला नावाने तीनदा हाक मारी. पाताळात तो जीव हाक ऐके, विसरनदीचे पाणी पिई, उंबरा ओलांडी आणि वर्षाच्या आत पाळण्यात येऊन रडू लागे. मागचे त्याला काही आठवत नसे, नाव तेवढे टिके. पणजी पणती होई, आजोबा नातू होत. त्यात कुणाला नवल वाटत नसे.

तिथला राजा रत्नशेखर चांगला होता. वाईट राजाची गोष्ट मला सांगवत नाही, तीत नुसती मुंडकी उडतात. पण चांगला माणूस चूक करतो तेव्हा तीही मन लावून करतो. बारा वर्षांपूर्वी त्याचे वडील, थोरले महाराज, वारले. चाळीस वर्षे त्यांनी राज्य असे केले होते की त्यांच्या मागे आठ दिवस नगरात चूल पेटली नाही. नवव्या दिवशी रत्नशेखराने दवंडी पिटवली: “थोरल्या महाराजांचे नाव यापुढे कोणी ठेवू नये, कोणी उच्चारू नये. ते नाव कुणा ऐऱ्यागैऱ्याच्या पोराला शोभायचे नाही.” मग ते नाव सोन्याच्या पत्र्यावर कोरले, पत्रा सोन्याच्या पेटीत ठेवला, पेटीला कुलूप घातले आणि किल्ली आपल्या गळ्यात बांधली. वडिलांचा केवढा मान केला, असे त्याला वाटले. प्रजेलाही तसेच वाटले.

त्या दिवसापासून एकही बाळ जन्मले नाही.

पाळण्यात हाका पडत, पण येत कोणी नसे. तीन देशांतून तीन मांत्रिक आले. पहिल्याने सगळे पाळणे आपोआप हलते केले. दुसऱ्याने त्यांतून अंगाईचे सूर काढले. तिसऱ्याने मंत्र उलटा म्हटला आणि तो स्वतःच तान्हा झाला; त्याची बायको त्याला कडेवर घेऊन आपल्या देशी परत गेली. मग एका सकाळी राणी हेमावलीने महालातला पाळणा सोडवला.

“हा कोठीत ठेवायला सांगावे,” ती म्हणाली. “रिकामा हलतो ते आता बघवत नाही.”

राजा त्याच पावली निघाला आणि डोंगरात तांबजाईच्या गुहेशी गेला. तांबजाई म्हणजे पाताळाच्या वाटेवर बसलेली म्हातारी जादूगारीण. ती वाळू दळत होती, आणि जात्यातून जोंधळ्याचे पीठ पडत होते.

“आई, माझ्या राज्याला कुणाचा शाप आहे?” राजाने विचारले.

“ते तुझा बाप सांगेल. खाली जा आणि विचार. जाताना तीन वस्तू लागतील. नदीसाठी सोनचाफ्याची जिवंत फांदी, दारासाठी बाळंतिणीचा लाडू, आणि उंबऱ्यापाशी ज्याला भेटायचे त्याचे नाव.”

“नाव घेता येणार नाही. माझाच हुकूम आहे.”

“मग जाऊ नको,” म्हातारी म्हणाली आणि दळू लागली.

राजा गेला नाही असे झाले असते, तर मी तरी इथे काय करत बसलो असतो? तो रानात शिरला. तिथे एका फांदीवर भारद्वाज पक्षी बसला होता. राजाने त्याला नमस्कार केला.

“शकुनापुरते सगळेच बघतात,” भारद्वाज म्हणाला. “कसा आहेस, हे आजवर कोणी विचारले नाही.”

“कसा आहेस?” राजाने विचारले.

पक्षी इतका खूश झाला की त्याने राजाला थेट सोनचाफ्यापाशी नेले. पिवळ्याधमक फुलांचे ते झाड सूर्यासारखे तापलेले होते. राजाने फांदी ओढली, ती हलली नाही. तलवार मारली, तलवार वाकली.

“मागून बघ,” भारद्वाज म्हणाला.

राजा गोंधळला. जन्मात त्याने हुकूम सोडले होते, मागितले काही नव्हते. त्याने दोनदा घसा साफ केला. “बाई, तुझी एक फांदी मला देतेस का?” फांदी आपणहून हातात उतरली, फुलांसकट.

लाडवासाठी तो भागूबाई सुइणीच्या दारी गेला. बारा वर्षे हाताला काम नसलेली ती बाई अंगणात कोंबड्यांची अंडी मोजत बसली होती.

“डिंकाचा लाडू हवा,” राजा म्हणाला.

“महाराज, बाळंतीण कोण हाय?” तिने विचारले.

“अजून कोणी नाही. व्हावी म्हणूनच निघालो आहे.”

भागूबाई उठली. डिंक तळला, खोबरे भाजले, खारका कुटल्या, आणि गुळात सगळे मिसळताना ती रडत होती आणि हसतही होती. एकच लाडू वळला, पण चांगला मूठभर. “माप इसरले असंन वाटलं हुतं,” ती म्हणाली. “हात न्हाई इसरले.”

मग राजा गुहेत उतरला. खांद्यावर भारद्वाज, हातात फांदी, पदरी लाडू. अंधार होता, पण सोनचाफ्याच्या उजेडात पायऱ्या दिसत होत्या. तळाशी विसरनदी, दुधी रंगाची, आवाज न करणारी. काठावर होडी आणि होडीत नावाडी.

“जिवंत माणसाला नेत नाही. वजन फार असते,” नावाडी म्हणाला.

राजाने फांदी पुढे केली. नावाड्याने फुले हुंगली, पुन्हा हुंगली. खाली उमलणारे काही नव्हते. त्याने फांदी होडीच्या टोकाला बांधली आणि राजाला बसवले. होडी काठापर्यंत बुडाली, कुरकुरली, पण पलीकडे गेली.

पलीकडे दारात तीन तोंडांचा कुत्रा होता. तिन्ही तोंडे एकदम गुरगुरली. राजाने लाडू टाकला. “आधी मी!” पहिले तोंड म्हणाले. “थोरला मी, आधी मी!” दुसरे म्हणाले. “मधला असलो म्हणून काय झाले?” मधले म्हणाले. लाडू जमिनीवर राहिला, तिघे एकमेकांचे कान चावू लागले, आणि राजा बाजूने आत गेला.

आत उंबऱ्यापाशी चोपदार उभा होता आणि त्याच्यासमोर एक रांग होती. इतकी लांब की तिचे शेपूट दिसेना.

“कुणाला भेटायचे?” चोपदाराने विचारले.

“थोरल्या महाराजांना.”

“कोण आहे रे?” म्हणत पाताळातले देशोदेशीचे सातशे थोरले महाराज एकदम वळले. दाढीवाले, मिशीवाले, एक तर अगदीच पोरसवदा.

“नाव घ्या,” चोपदार म्हणाला.

बारा वर्षे कोंडलेला शब्द गळ्यात किल्लीपाशी अडला. त्याला पाळणा सोडवणाऱ्या हेमावलीचे हात आठवले. त्याने डोळे मिटले आणि मोठ्याने म्हटले, “केरोबा.”

होय, केरोबा. थोरल्या महाराजांच्या आईची तीन मुले पाठोपाठ गेली होती. चौथ्याला दृष्ट लागू नये म्हणून तिने त्याला केराच्या सुपात घातले आणि रीतीचे हाकेचे नाव सोडून केरोबा म्हटले. तो जगला, वाढला आणि चाळीस वर्षे राज्य करून गेला.

“कोण रे, शेखर?” रांगेच्या अगदी पुढून आवाज आला.

पहिल्याच जागी थोरले महाराज उभे होते, तीच मिशी, तेच मिस्कील डोळे. रत्नशेखर धावला आणि त्याने मिठी मारली. हात हवेतून पार गेले. त्याने पुन्हा मिठी मारली. पुन्हा हात रिकामे.

“बाबा,” तो कसाबसा म्हणाला, “राज्यात बाळ जन्मत नाही. शाप कुणी दिला?”

“शाप नाही बाळा, अदब आहे. मी इथे पहिला. मला वरून हाक येत नाही, म्हणून मी हलू शकत नाही. आणि ही मागची मंडळी मला ओलांडून पुढे जायला तयार नाहीत. बघ.” ते मागे वळले. “साळूबाई, तुम्हाला हाक आली आहे. तुम्ही व्हा पुढे.”

मागे राजवाड्याचे अंगण झाडणारी साळूबाई उभी होती, पदर डोक्यावरून घेतलेला. “अशी कशी हुईन? आधी म्हाराज.”

“आधी महाराज!” मागचे सगळे म्हणाले, पार दिसेनाशा शेपटापर्यंत.

“चाळीस वर्षांत यांनी माझा एक हुकूम मोडला नाही,” थोरले महाराज म्हणाले. “हा एकच मोडतात, आणि बारा वर्षे मोडत आहेत. नाव का कोंडलेस शेखर?”

रत्नशेखराने मान खाली घातली. “मान म्हणून. आणि थोडी लाजही वाटली, बाबा. चार देशांचे राजे हसतील, केरोबाचा मुलगा म्हणतील.”

थोरले महाराज इतके हसले की रांगही हसू लागली. “हसू देत. त्या नावानेच तर मी जगलो. जा, पेटी उघड. नाव मोकळे कर. ज्या घरातून पहिली हाक येईल तिथे मी जाईन.”

“माझ्या घरी या. पाळणा आहे.”

“तुझ्या पाळण्यात साळूबाईला बोलाव. बारा वर्षे उभी आहे बिचारी. मी चाळीस वर्षे गादीवर बसलो, एकदाही चिखलात खेळलो नाही. मला कुठेही चालेल.”

“तुम्हाला मी आठवणार नाही,” रत्नशेखर म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले.

“नाही आठवणार. तुला आठवेन, तेवढे पुरे.”

रत्नशेखराने तिसऱ्यांदा हात पसरले. थोरले महाराज एक पाऊल मागे सरले. “इथे नको. वर आलो की उचलून घे.”

परतीच्या वाटेला भारद्वाज पुढे उडाला, आणि त्याने वाट चुकू दिली नाही. राजाने राजवाड्यात येताच पेटी उघडली, सोन्याचा पत्रा चव्हाट्यावर टांगला आणि दवंडी पिटवली: “केरोबा हे नाव सर्वांचे आहे.” दवंडीवाला दुसऱ्या गल्लीत पोचतो न पोचतो तोच हैबती कुंभाराच्या बहिणीने भावाच्या रिकाम्या पाळण्यात तीनदा हाक मारली, “केरोबा, केरोबा, केरोबा!” आणि महालात चांदीच्या कड्या पुन्हा अडकवल्या गेल्या. राजाच्या बहिणीने वाकून साळूला हाक मारली. कुणी नाक मुरडले असेलही, पण राणीच्या समोर कुणी बोलले नाही.

पुढे काय झाले ते भागूबाईला विचारा, तिला त्या वर्षी जेवायलाही फुरसत नव्हती. पहिला केरोबा आला, कुंभारवाड्यात. मागोमाग साळू आली, महालात, आणि आल्या आल्या असे रडली की तटावरचे पहारेकरी दचकले. मग रांगच सुटली. डिंक महागला. छकुली एका दिवसात चौदा बाळांची ताई झाली आणि तिने सगळ्यांना आपले खरे नाव पाठ करायला लावले.

बाराव्या दिवशी कुंभाराकडे बारसे होते. राजा पायी गेला. हैबतीने पाट मांडला, पण राजा पाटावर बसला नाही. तो पाळण्याशी वाकला आणि त्याने बाळ उचलले. बाळाने त्याच्याकडे पाहिले, ओळख काही दाखवली नाही, जांभई दिली. पण ते उबदार होते, जड होते, आणि पाताळात दोनदा रिकामे राहिलेले हात तिसऱ्यांदा भरले. राजा रडला, आणि ते लपवायला त्याला सुचलेही नाही.

तेवढ्यात बाळाने राजाचा जरीचा अंगरखा ओला केला. कुंभारीण लाजेने अर्धी झाली. “महाराज, द्या त्याला इकडं. आधी तुमचा अंगरखा बदला.”

“असू द्या,” राजा बाळाला छातीशी घट्ट धरून म्हणाला. “आधी महाराज.”

त्या राज्यात आजही मिरवणूक निघाली की पुढे कडेवरची पोरे असतात, मग चालती पोरे, मग राजा. जशी त्यांची घरे भरली तशी ऐकणाऱ्यांची भरोत, आणि सांगणाऱ्याला एक डिंकाचा लाडू मिळो.