फुलावरचा विळा

एका राज्यात, डोंगराच्या पार माथ्यावर, धूम्रकेश नावाचा मांत्रिक आला आणि राजा सोमपालाला म्हणाला, माझ्यापुढं वाक. राजा वाकला नाही. मांत्रिकानं काठी आपटली मात्र, कोठारातला दाणा न् दाणा सोन्याचा झाला आणि रानातलं एकूण एक कणीस पोचट निघालं. आता सोनं का कुणाला चावता येतं? याच मातीतलं ताजं धान्य राजाच्या ओंजळीत पडेल, तेव्हाच शाप सुटायचा होता. तोवर जो मांत्रिकाच्या पायावर डोकं ठेवील त्याला पसाभर तांदूळ मिळे, आणि तो पोटात गेला की माणसाचं पाखरू होई.

म्हाळूचा नवरा खंडोजी असाच डोकं ठेवून आला आणि साळुंकी होऊन आढ्यावर बसला. म्हाळू आधी रडली, मग भयंकर चिडली. तिनं माहेरून, खिंडीपलीकडून आणलेली कुट्टू नावाच्या डोंगरी धान्याच्या बियाण्याची पिशवी कमरेला खोचली आणि ताठ मानेनं मांत्रिकापुढं उभी राहिली.

"पीक काढून दाखवते," ती म्हणाली. "नवरा परत हवाय मला."

"हरलीस तर?"

"तर मीही पाखरू. पण वाकणार नाही."

धूम्रकेश हसला. म्हणाला, तीन विघ्नं घालीन.

पहिलं विघ्न जमिनीचं. त्यानं तिला नुसता मुरमाड उतार दिला, जिथं गवतही रुसलं होतं. म्हाळूनं कुट्टू फेकला. चौथ्या दिवशी तो उगवून आला. शाप होता कणसांवर, आणि कुट्टूला कणीस येतच नाही. शापाला धरायला काही सापडेना!

दुसरं विघ्न तणाचं. मांत्रिकानं फुंकर मारून काटेरी तण पेरलं. पण कुट्टूची रुंद पानं अशी दाट पसरली की खालचं तण उन्हावाचून पिवळं पडून मेलं. तांबड्या काड्यांवर पांढरी फुलं आली, मधमाश्यांनी रान भरून गेलं.

तिसरं विघ्न हिमाचं. धूम्रकेशानं आजवर भात पाहिला होता, ज्वारी पाहिली होती. फुलोरा सरल्यावाचून पीक हाती येत नाही, हे तो पक्कं धरून बसला. त्यानं खंडोजीला हुकूम दिला: रोज पहाटे येऊन फुलं आहेत की गळाली ते सांग. गळाली की त्याच क्षणी हिम टाकून तोंडाशी आलेला घास हिरावतो.

अठ्ठ्याहत्तराव्या पहाटे, अंगभर दव असताना, म्हाळूनं विळा काढला. खंडोजीचा जीव उडाला.

"अगं, फुलावर विळा घालतेस?"

"फुलांच्या खाली बघा."

खाली तिकोनी दाणे काळे, टणक झाले होते. वर फुलं, खाली पिकलेला दाणा, एकाच काडीवर. म्हाळूनं सांगितलं, की फुलं सरायची वाट पाहिली तर दाणा मातीत झडून जातो. दवात कापला की झडत नाही. तिच्या माहेरी सगळे असंच कापतात.

"आणि त्यानं विचारलं तर काय सांगू?"

"त्यानं फुलांचं विचारलंय. फुलांचंच सांगा."

खंडोजी उडत गेला. बोलला ते खरंच: "फुलं आहेत." मांत्रिक कूस बदलून झोपला.

उन्हं चढली तशी म्हाळूनं पेंढ्या वाळवल्या, झोडपल्या, दाणे पाखडले आणि सूप घेऊन थेट राजवाडा गाठला. राजाच्या ओंजळीत काळे दाणे पडले. कोठारातल्या सोन्याचं पुन्हा धान्य झालं. झाडाझाडांवरून माणसं खाली उतरली. धूम्रकेशाला जाग आली, त्यानं हिम टाकलं ते रिकाम्या रानावर. त्याची काठी हातातच मोडली आणि तो गेला तो गेलाच.

राजानं म्हाळूला शेजारी बसवलं. खंडोजी माणूस होऊन धावत आला आणि जुन्या भीतीनं राजापुढं डोकं टेकवायला निघाला. म्हाळूनं त्याचा दंड धरला.

"अहो, पुरे झालं. आता वाकायचं ते विळा धरायला."

राजा हसला आणि स्वतःच खंडोजीला सरळ उभं करायला पुढं आला. पुढल्या वर्षी दवाच्या पहाटे त्या उतारावर कापणी चालली होती. म्हाळूच्या शेजारी खंडोजी होता, त्याच्या शेजारी राजा, आणि फुलं अजून पांढरीच होती.