कमी सांगितलेला वाटखर्च

फार मागच्या काळची गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि थोरांनी विसरू नये.

एका गावात कुलपे घडवणारा एक कारागीर होता. तो कुणाच्या चाकरीत नव्हता. जो बोलावील त्याच्याकडे जायचे, काम करायचे, मजुरी घ्यायची आणि घरी परतायचे. मजुरी वेगळी आणि वाटखर्च वेगळा, असा तेव्हा रिवाज होता. वाटखर्च आधी कारागिराने करायचा. काम संपल्यावर तो सांगायचा आणि भरून घ्यायचा.

एकदा डोंगरापलीकडच्या राजाचे त्याला बोलावणे आले. खजिन्याच्या दाराला नवे कुलूप हवे होते. ते पसंत पडले तर सात किल्ल्यांच्या दारांचे कामही त्यालाच मिळणार होते. म्हणजे दहा वर्षांच्या भाकरीची सोय.

निघताना बायको म्हणाली, "रोजचा खर्च रोज टिपून ठेवा. आणि झाला तेवढाच सांगा. राजा काही आपला व्याही नाही, संकोच धरायला."

"मला शिकवू नकोस," कारागीर म्हणाला. पण खर्च त्याने टिपला. चाळीस नाणी झाली.

त्या राजाचा खजिनदार म्हातारा होता आणि संशयी होता. दूध आधी मांजराला पाजी, मग स्वतः पिई. लोक त्याला हसत. पण त्याच्या हयातीत खजिन्यातली कवडी हलली नव्हती.

कारागिराने कुलूप घडवले. राजाच्या लोहारांनी दिवसभर खटपट केली, पण ते किल्लीवाचून उघडले नाही. खजिनदाराने स्वतः दोनदा ओढून पाहिले.

"कुलूप चांगलं आहे," तो म्हणाला. "आता वाटखर्च सांग."

कारागिराच्या मनात आले, पुरा आकडा सांगितला तर हा म्हातारा आपल्याला हावरा समजेल. थोडा कमी सांगावा. पंधरा नाणी अंगावर पडतील, पण सात किल्ले पदरात पडतील.

"पंचवीस नाणी, सरकार."

खजिनदाराने मान वर केली. "कोणत्या वाटेनं आलास?"

"घाटाच्या."

"बरोबर तट्टू होतं?"

"होतं, सरकार. हत्यारं वाहायला."

"वाटेतल्या नदीवरचा नावाडी तट्टाचे वेगळे पैसे घेतो."

"मला सोडलं त्यानं. ओळखीचा निघाला."

"तो बापाला सोडत नाही. बरं, वैरण?"

"रानात चारलं."

"यंदा घाटात वणवा लागला. रानात राख आहे. तुझं तट्टू राख खातं?"

पहारेकरी हसले.

"मुक्काम कुठं केलेस?"

"झाडाखाली, सरकार. साधा माणूस आहे मी."

"त्या घाटात वाघ आहे. माझे शिपाईसुद्धा धर्मशाळेचं दार लावून झोपतात, आणि धर्मशाळेवाला दमडी सोडत नाही." खजिनदार पुढे झुकला. "तरुणपणी त्याच वाटेनं मी वसुलीला हिंडलोय. तट्टू घेऊन पस्तिसाच्या आत कुणी इथं पोचत नाही. तू पंचवीस म्हणतोस. वरचे कुणी भरले?"

आता कारागिराला कळले, की हा म्हातारा कुठे पोचला आहे. ज्याने खजिन्याचे कुलूप केले, त्याच्या वाटेचे पैसे दुसराच कुणी देतो. तो कशासाठी देत असेल?

"कुणी नाही, सरकार. माझ्याच कमरेचे गेले."

"हातावर पोट असलेला माणूस राजाच्या कामात घरचे पैसे घालतो? असा माणूस एकतर खुळा, नाहीतर कुणाचा तरी पगारी. खजिन्याला दोघांचंही कुलूप चालत नाही."

कारागिराने कमरेचे टिपण काढून पुढे धरले. "चाळीस झाले, सरकार. सगळं यात लिहिलंय. कमी सांगितलं तर तुमची मर्जी बसेल असं वाटलं."

खजिनदाराने टिपणाला हात लावला नाही. "मी विचारलं तेव्हा हे कमरेतच होतं ना? मग पहिला आकडा खोटा, हे तूच सांगतोस. दुसरा भीतीनं बाहेर आला. आता या कुलपाला दुसरी किल्ली केलेली नाहीस, हे कोणत्या तोंडानं सांगशील?"

कारागिराने दुसरी किल्ली केली नव्हती. पण ते सांगायला तोंड उरले नव्हते.

कुलूप दारावरून उतरवले. त्याच्यासमोरच भट्टीत घातले. मजुरी चुकती केली आणि वाटखर्चाची पंचवीस नाणी मोजून दिली. "तू सांगितलास तेवढा," खजिनदार म्हणाला. त्याला वेशीपर्यंत पोचवायला दोन भालेकरी दिले.

म्हातारा कठोर होता, असे कुणी म्हणेल. म्हणो. खजिना त्याच्या बापाचा नव्हता, म्हणून तो कठोर होता.

पुढे दुसरा कारागीर आला. त्याचे कुलूप बेताचे होते. वाटखर्च विचारल्यावर त्याने नावेपासून वैरणीपर्यंत सगळा सांगितला. शेवटी म्हणाला, "आणि वहाणेचा अंगठा तुटला, त्याचं एक नाणं."

"तुझ्या वहाणेचे पैसे राज्यानं का द्यावेत?"

"चालत होतो राज्याच्याच कामाला, सरकार. सासुरवाडीला चाललो असतो तर मागितलं नसतं."

खजिनदाराने कटकट केली. ते एक नाणे कापले. बाकीचा हिशेब त्याने आपल्या मनातल्या आकड्यांशी ताडून पाहिला. जुळला. सात किल्ल्यांचे काम त्याने या कारागिराला दिले.

पहिल्या कारागिराची बातमी त्याच्याआधी गावोगाव पोचली. नंतर कुणी त्याला तिजोरीला हात लावू दिला नाही. त्या मुलखातला सर्वांत कुशल हात उरलेला जन्म गोठ्यांच्या कड्या ठोकत राहिला.

जो आपला खरा खर्च सांगायला कचरतो, त्याचे खरे कामही कुणी खरे मानत नाही.